आबांच्या जमादारला सूट नाही

आबा, तुमच्या अंत्ययात्रेत तुमचा कुत्रा जमादार साखळी तोडून आला. अख्ख्या गावानं पाहिलं. गोठ्यातून सुटला तो भर रस्त्यानं, नेमका शाळा सुटायच्या वेळेला, गळ्यातली अर्धी साखळी खडखडवत तुमच्या तिरडीमागं ओढ्यापर्यंत पळत गेला. माणसं रडत होती. मीही रडत होते. पण मी नुसती तुमची चुलत सून नाही ना, गावची सरपंचही आहे. डोळे पुसता पुसता मनात आलं, झाली का पंचाईत! शाळेच्या वेळी कुत्रं रस्त्यावर म्हणजे सरळ नियमभंग. मालकाला शिक्षा द्यायला पाहिजे, आणि मालक तर चार जणांच्या खांद्यावरून निघालाय.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "बघ, मेल्यावरबी मी तुला सुखानं बसू देत न्हाई."

शोकसभेत तुमच्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. किती वर्षं कारभार पाहिला, कुणाकुणाची लग्नं लावून दिली, कुठला पाझर तलाव तुमच्यामुळं झाला. सगळं खरं आहे. पण कुत्र्यांचं कोणी काढलं नाही. मयताच्या जागी कुत्र्यांची गोष्ट बरी दिसत नाही, असं वाटलं असेल लोकांना. मला मात्र त्या भाषणांतला माणूस ओळखूच येईना. मला ठाऊक असलेले आबा कुत्र्यांपायी माझ्याशी भांडलेले, व्याह्याकडून भर चौकात फजिती करून घेतलेले आणि शेवटी माझ्यासमोर येऊन शिक्षा मागून घेतलेले. त्यांच्याशी बोलायचं राहिलंय, म्हणून हे लिहिते.

महिलांसाठी जागा राखीव झाली तेव्हा माझं नाव तुम्हीच पुढं केलंत. सही सूनबाईची, कारभार आपला, असा तुमचा सरळ बेत होता आणि तो तुम्ही लपवलाही नाही. माझी अडचण निराळीच होती. आपल्याकडं सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. तुम्ही ग्रामपंचायतीच्या दारात दिसलात की मी पदर सावरून उभी राहायची. सरपंच उभी राहिली की सदस्य उभे राहायचे, आणि सगळेच उभे म्हटल्यावर बैठक संपायची. तुम्हाला एक शब्द बोलावा लागत नसे. जो विषय तुम्हाला नको, त्या विषयाला तुम्ही फक्त दारात यायचात. किती राग यायचा मला, आबा! घरी जाऊन भांडी आपटायची मी.

कुत्र्यांचा विषय तुम्ही पहिल्यांदा असाच उडवलात.

खरं तर गोष्ट साधी होती. दिवाळी झाली की आपलं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. घरांना कुलपं लागतात आणि दारातली कुत्री दारातच राहतात. पूर्वी बैलगाडीखालून चालत कुत्रंही फडावर जायचं. आता टोळी ट्रकमध्ये बसते आणि मुकादम कुत्र्याला चढू देत नाही. बिचारी काही दिवस कुलपाकडं बघत बसतात, मग भुकेनं कासावीस होऊन ओढ्याच्या कडेनं टोळकं करून हिंडायला लागतात. वस्तीवरच्या पोरांची शाळेची वाट तिथूनच. आदल्या हिवाळ्यात कुत्र्यांनी शेळ्या फाडल्या, एका म्हातारीचा पाय धरला, आणि वस्तीवरची पोरं शाळेत यायची बंद झाली.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी वस्तीवरची मंदा माझ्याकडं आली होती. तिची पल्लवी तेव्हा दुसरीत. मागच्या साली फडावर नेली आणि पोरीचं वर्ष वाया गेलं, म्हणून या वेळी तिला आजीजवळ ठेवायचा मंदाचा विचार होता. म्हणाली, "सरपंचबाई, पोरगी शाळंसाठी मागं ठेवा म्हणून तुमीच सांगता. ठेवते की. पर वाटंला कुत्र्यानं धरली तर मी तिकडं ऊस तोडत बसू का हिकडं पळत येऊ? सांगा."

दुसऱ्या दिवशी पल्लवी ट्रकमध्ये बसून गेली. जाताना मला हात करत होती, कारण मी तिला पाटी-पेन्सिल दिली होती. कुत्री आवरली तर ही पोरं गावात शिकणार, नाही तर फडावर धाकटी भावंडं सांभाळत बसणार, इतका रोखठोक मामला होता. म्हणून मी बैठक लावली. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून काही नियम ठरवून आणले होते. तोंड उघडणार, तोच तुम्ही दारात.

"काय चाललंय?"

"कुत्र्यांचे नियम करायलोत, आबा."

"कुत्र्याला कसले नियम? ट्रॉलीत घाला आन् दुसऱ्याच्या शिवारात सोडून या. आमी आजवर असंच करत आलो."

"कायद्यानं तसं करता येत न्हाई. डॉक्टर म्हणले. आन् दुसऱ्या गावानं आपल्याकडं आणून सोडली तर?"

"कुणाची बिशाद हाय?" म्हणालात, आणि मी उभीच होते, त्यामुळं बैठक संपली.

दुसऱ्या दिवशी तुमच्या गड्यांनी ज्वारीच्या भाकरी टाकून टाकून कुत्री ट्रॉलीत चढवली आणि दिंद्रुडच्या वाटेला ओढ्यापलीकडच्या गायरानात नेऊन सोडली. गायरान खरंच कुणाचं नव्हतं. पण त्याला लागून तुमच्या लेकीच्या सासऱ्यांचा मळा आहे, हे गड्यांना ठाऊक नव्हतं. आणि ट्रॉलीच्या फाळक्यावर हातभर अक्षरांत तुमचंच नाव रंगवलेलं आहे, हे तुम्ही विसरला होता.

पुढचं आठवलं की मला आजही हसू आवरत नाही. दोन-चार दिवसांनी सकाळी तुमचे व्याही आले. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, मागं ट्रॉली. ट्रॉलीत आपलीच कुत्री. प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू आणि गळ्यात झेंडूची माळ. चौकात ट्रॉली थांबली, गाव गोळा झालं. व्याह्यांनी खाली उतरून तुम्हाला टॉवेल-टोपी घातली आणि अगदी लग्नाच्या मांडवात बोलावं तसं बोलले.

"आबासाहेब, तुमी धाडलेला आहेर पोचला. लई आनंद झाला. पर व्याह्याचा आहेर नुसता ठिवून घ्यायची आपल्यात रीत न्हाई. परत करायचा तर भर घालून करावा लागतो. म्हणून आमच्या मळ्यावरचं एक पिल्लू घातलंय त्यात. गोड मानून घ्या."

आबा, काय चेहरा झाला होता तुमचा! नको म्हणायची सोय नव्हती. व्याह्याचा आहेर भर चौकात नाकारला, तर त्याचं बोलणं लेकीला सासरी ऐकावं लागतं. तुम्ही लेकीचा बाप होता. तुम्ही टोपी नीट बसवली, हात जोडले आणि म्हणालात, "आवो, ह्ये काय बोलणं झालं? चला, च्या घ्या." मी पदराचा बोळा तोंडात कोंबून घरात पळाले. ते भर घातलेलं पिल्लू म्हणजे आपला जमादार.

आहेरातली कुत्री हाकलून देता येत नाहीत. ती तुमच्या गोठ्यात बांधली गेली आणि भाकरीचा भार आला जीजींवर. बायकोच्या तोंडाला लागायचं धाडस तुमच्यातही नव्हतं, हे घरातल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. जीजींच्या माहेरच्या, धर्मापुरीच्या लेकी लेच्यापेच्या नसतात, असं तुम्हीच सांगायचात. जीजींनी थोडे दिवस भाकरी थापल्या आणि एका सकाळी परात तुमच्यापुढं सरकवली. "आहेर तुमचा हाय ना? मग भाकरीबी तुमीच थापा."

त्याच दिवशी तुम्ही ग्रामपंचायतीच्या दारात आलात. मी उठले, सदस्य उठले. तुम्ही आत येऊन ओरडलात, "बसा बे समदे! कुठं निघालाव?" आणि माझ्याकडं वळून, आवाज जरा खाली आणून, "सूनबाई, त्यो कुत्र्यांचा नियम कर. ज्याच्या दारातलं कुत्रं, त्यानं सांभाळायचं. माझा गोठा मोकळा कर."

आपल्या गावचा नियम तुमच्या अडचणीतून जन्माला आला, आबा. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. झाला ना? बास.

नियम करताना मात्र तुम्ही मला घाम फोडलात. ज्याच्या दारात कुत्रं तो त्याचा मालक, हे तुमचंच. लस टोचून घ्यायची, याला तुमची ना नव्हती. शाळा भरताना आणि सुटताना कुत्रं बांधलेलं पाहिजे, हेही तुम्ही चालवून घेतलंत. टोळीला जाणाऱ्यानं आपलं कुत्रं गावात राहणाऱ्या घरी सांभाळायला देऊन जायचं आणि आल्यावर त्या घरच्या कामाला हातभार लावायचा, हे मी मांडलं तेव्हा तुम्ही चक्क मान डोलावलीत. आपल्यात शेळी अर्धलीनं, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याकडं सांभाळायला देतातच की. गावाला ते लगेच पटलं.

वाजलं ते दंडावर. मी पैशाचा दंड म्हणाले. तुम्ही हसलात. "मी सालभराचा आगाऊ भरतो आन् कुत्रं मोकळं सोडतो. काय करशील?" तुम्ही खोडा घालायला बोललात, पण बोललात ते खरं होतं. पैशानं तुमच्यासारख्यांना काय फरक पडणार? मग मीही इरेला पेटले. म्हणाले, ज्याचं कुत्रं शाळेच्या वेळी मोकळं सापडेल, त्यानं आठवडाभर वस्तीवरची पोरं स्वतः चालत शाळेत पोचवायची आणि परत आणायची. गडी पाठवायचा नाही.

"आन् मानकऱ्याला?" तुम्ही विचारलंत.

"मानकऱ्यालाबी तेच."

"म्हाताऱ्या-कोताऱ्याला? आजाऱ्याला? घरात मयत झालं त्याला?"

"समद्याला तेच. सूट न्हाई."

"ह्यो नियम हाय का दगड हाय?" असं म्हणून तुम्ही काठी आपटत निघून गेलात. पण ग्रामसभेत हात वर केलात. आपला वाद तिथून सुरू झाला आणि तुम्ही जाईपर्यंत संपला नाही.

पुढच्या दिवाळीला मंदानं पल्लवीला आजीजवळ ठेवलं. वस्तीवरच्या आणखी काही जणांनीही मन घट्ट करून पोरं मागं ठेवली. "तुमच्या शब्दावर ठेवतोय," असं मंदा मला म्हणाली. त्या दिवसापासून मी सकाळी शाळेची घंटा झाली की दारात येऊन कान लावून उभी राहायची. आणि शाळा सुरू होऊन थोडे दिवस होताहेत तोच कुणाचं कुत्रं सुटावं? तुमचं! आता चांगला दांडगा झालेला जमादार खुंटा उपटून ओढ्याच्या वाटेला गेला आणि पोरांच्या अंगावर धावला. चावला नाही. पण पल्लवी पळताना पडली, कोपर सोलपटलं, दप्तराचा बंद तुटला आणि तिची चटणी-भाकर जमादारनं खाल्ली. संध्याकाळी मंदाचा फडावरून फोन आला. ती रडत नव्हती, तेच जास्त लागलं. "मी येते आन् पोरीला घेऊन जाते. बाकीचेबी म्हणायलेत. मोठ्यांच्या कुत्र्याला कोण बांधणार, सरपंचबाई?"

मी म्हणाले, "उद्याची ग्रामसभा होऊ दे. मग काय ते ठरव."

त्या ग्रामसभेला जेवढी माणसं आली तेवढी निवडणुकीलाही येत नाहीत. सगळ्यांना बघायचं होतं, सून सासऱ्याला काय करते. तुम्ही काठी टेकत आलात आणि सवयीनं मी उठून उभी राहिले. काय बोलायचं ते सगळं विसरले. तुम्ही माझ्यासमोर येऊन थांबलात.

"कुत्रं माझं हाय. सुटलं. आता काय ते सांग."

"आबा..."

"आधी बस."

मी तशीच उभी.

"उभं राहून शिक्षा देत्यात का कुठं? बस म्हणतो ना. ती खुर्ची तुझी न्हाई, माझीबी न्हाई. गावाची हाय."

मी बसले. लग्न होऊन आल्यापासून तुमच्यासमोर पहिल्यांदा खुर्चीवर बसले, ती तुम्हाला शिक्षा द्यायला. सगळं नीट बोलले, आठवडाभर, स्वतः चालत, येता-जाता. तुम्ही "बरं" म्हणालात आणि जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटलात, "दगडच हाय." लोक हसले. मीही हसले. त्या दिवसानंतर मी कुणासाठी उठले नाही आणि माझी एकही बैठक कुणी दारात येऊन मोडली नाही. या खुर्चीबद्दल तुम्हाला एकदा मनापासून बोलायचं होतं. शेजारी राहून, रोज दिसत असून, राहूनच गेलं. आता म्हणते, आबा, तुमचे फार उपकार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरची पोरं दारांच्या फटींतून बघत होती. धोतर, कोट, टोपी, काठी. अख्ख्या तालुक्यात ज्यांना लोक वाकून नमस्कार करतात ते आबा त्यांना न्यायला आले होते. पहिल्या दिवशी पोरं तुमच्यापासून दहा पावलं मागून चालली म्हणे. दुसऱ्या दिवशी पल्लवीनंच तोंड उघडलं. हे तिनं मला नंतर सांगितलं.

"आबा, तुमाला कशाची शिक्षा हाय?"

"कुत्रं सोडलं म्हणून."

"मग कानाला धरा की. आमचे गुरुजी धरायला लावत्यात."

आणि तुम्ही ओढ्याच्या मधोमध, दगडावर उभं राहून, कानाला धरलंत. पोरं हसून हसून पाण्यात पडायची बाकी होती. ती गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. मी घाबरले, म्हटलं आता आबा चिडणार. तर जीजी सांगत आल्या की तुम्ही स्वतःच जेवताना दोनदा सांगितलंत.

त्याच संध्याकाळी पल्लवीनं आजीच्या फोनवरून आईला सांगितलं, "आय, मला आबा शाळेत सोडत्यात." मंदाला ते खोटं वाटलं. तुम्ही पोरांना पोचवून तिथंच टेकला होता, तुम्ही फोन घेतलात. "मंदे, मी बोलतोय. पोरीची काळजी करू नको. कुत्रं तर सोड, वारा लागू देणार न्हाई." मंदा पोरीला न्यायला आली नाही. बाकीचंही कोणी आलं नाही. आबा, त्या वर्षी मला कसली मोठी गोष्ट मिळाली असेल तर ती एवढीच.

आठवडा संपला तेव्हा मी तुम्हाला निरोप धाडला, शिक्षा संपली. तुमचा उलट निरोप आला, "तू मोजायला चुकलीस." पुढच्या आठवड्यातही मी निरोप धाडला, तुम्ही तेच सांगितलंत. मग मी मोजायचं सोडून दिलं. थंडीत मफलर गुंडाळून, उन्हात डोक्यावर टॉवेल टाकून तुम्ही जात राहिलात. सोबतीला साखळीत बांधलेला जमादार, तोही सुतासारखा सरळ झालेला. आधी ज्याच्यापासून पोरं पळत होती, त्याच्या पाठीवर आता दप्तरं ठेवून बघायची.

त्या साली ओढ्याच्या वाटेवर एकाही पोराला कुत्रं चावलं नाही. उन्हाळ्यात ट्रक परत आले तेव्हा गावाच्या तोंडाशी काय गलका झाला होता! घराघरांतून सांभाळलेली कुत्री शेपट्या हलवत आपापल्या माणसांवर उड्या मारत होती, आणि मंदाचा नवरा तुमच्याकडं येऊन तक्रार करत होता, "आबा, आमचं कुत्रं तुमच्या गल्लीत राहून लई लाडावलंय. शिळी भाकर हुंगूनबी बघंना." तुम्ही म्हणालात, "मग ताजी घाल बे." पल्लवी तिसरीत पास झाली होती. तुमच्या व्याह्यांनी त्यांच्या गावातही आपलाच नियम केला, आणि तुम्हाला कळवलं की हा आहेर मात्र परत करणार नाही. तो निरोप तुम्ही आल्यागेल्याला ऐकवायचात.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. पोरं शाळेला जाताना तुमच्या खिडकीखाली थांबायची. मी संध्याकाळी येऊन बसायची, तुमच्यासमोर, खुर्चीवर. तुम्हाला धाप लागायची तरी वाद सोडायचा नव्हता. "सूनबाई, एक कलम राह्यलंय. सूट द्यायचं. म्हातारं, आजारी, मयताचं घर. अशाला सूट पायजे. नियम माणसासाठी हाय."

"एकाला दिली की रांग लागती, आबा."

"लागू दे. बघून दे. तुला खुर्ची कशाला दिली?"

"उद्या बोलू," मी म्हणाले, कारण तुम्हाला खोकल्याची उबळ आली होती. तो उद्या आला नाही. तुम्ही गेलात, जमादारनं साखळी तोडली, आणि तुमचं कलम तुमच्याच दारात येऊन उभं राहिलं.

तेरावं झालं. दिवाळी झाली होती, शाळेची सुटी चालू होती, टोळ्या निघायच्या होत्या, त्याआधी कुत्री कुणाकडं राहणार ते ठरवायला ग्रामसभा घ्यावी लागली. मी मनाशी पक्कं केलं होतं. आबांचं ऐकायचं. मयताच्या घराला सूट द्यायची, आणि ती पहिली सूट जमादारला. मी तसं बोललेही. तेव्हा मागून सुदाम उठला. हा सुदाम पहिल्यापासून नियमाच्या विरोधात, त्याची दोन कुत्री दोनदा सापडलेली. म्हणाला, "आबांच्या कुत्र्याला सूट, मग आमच्याला कावून न्हाई? आबा गेले, आता नियमबी गेला म्हणा की." चार-दोन माना हलल्या. मंदा बायकांत बसली होती. दुसऱ्या दिवशी तिचा ट्रक निघणार होता. तिनं पल्लवीचा हात धरला आणि माझ्याकडं बघितलं. वर्षभर कमावलेलं सगळं हातातून सुटतंय, असं मला वाटलं. आणि आबा, मला तुमचा राग आला, खोटं कशाला बोलू? हे कलम काढलंत आणि निस्तरायला मला ठेवून गेलात.

तेवढ्यात दाराशी कुजबुज झाली. जीजी आल्या होत्या. ज्या बाईनं अजून महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही अशी रीत, ती पांढऱ्या कपाळानं, हातात जमादारची दोरी धरून भर सभेत आली. सासू समोर बघून मी झटकन उभी राहिले.

जीजींनी हातानंच खुणावलं. "बस. उभं राहून शिक्षा देत न्हाईत म्हणून त्यांनीच सांगितलं होतं ना?"

मी बसले.

"कुत्रं सुटलं तवा शाळा सुटायलती. समद्यांनी बघितलंय. त्यांच्या माघारी मालक मी. शिक्षा मला सांग."

"जीजी, आबांचंच म्हणणं होतं, मयताच्या घराला सूट..."

"दुसऱ्याच्या घराला म्हणले असतील. स्वतःला कधी घेतली का सूट त्यांनी? म्हातारे होते, आजारी होते, मानकरी होते. घेतली? मग मेल्यावर कावून घ्यायची?" आणि मागं वळून, "सुदाम, तुला पायजे का रे सूट? माग. मिळंल. घरात मयत व्हायला लागतंय त्यासाठी."

सुदाम खाली बसला. मग एकजण हसला, मग सगळेच, आणि मी रडले. भर सभेत, खुर्चीवर बसून, पदर न घेता. तुमचं कलम मंजूर झालं, आबा. नियमात आता सूट आहे, आणि ती पहिली ज्यांना मिळत होती त्यांनी घेतली नाही. मंदा पल्लवीला ठेवून दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये बसली. वस्तीवरचं एकही शाळेचं पोर त्या ट्रकमध्ये नव्हतं.

सुटी संपून शाळा उघडली त्या सकाळी मी मुद्दाम ओढ्याकडं गेले. जीजी डोक्यावरून पदर घेऊन, एका हातात तुमची काठी आणि दुसऱ्या हातात जमादार, पोरांच्या मागून चालत होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. जेवण दिलं तर जेवायच्या, नाही तर भिंतीकडं बघत बसायच्या. ओढ्याच्या मधोमध पल्लवी थांबली.

"जीजी, तुमाला कशाची शिक्षा हाय?"

जीजींनी जमादारची दोरी मनगटाला गुंडाळून घेतली. मग म्हणाल्या, "माझं कुत्रं आबांच्या मागं गेलतं."

"मग कानाला धरा."

मी पुढं होऊन पोरीला गप्प करणार होते. पण जीजींनी काठी काखेत धरली आणि कानाला हात लावला, तुम्ही उभे होता त्याच दगडावर. आणि हसल्या, आबा. खळखळून, पोरांबरोबर. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा.

आज आठवडा पुरा झाला. मगाशी मी जीजींना सांगायला गेले की शिक्षा संपली. त्या जमादारसाठी भाकरी कुस्करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू मोजायला चुकलीस."